घडी बसते ती पाण्यामुळे

मंडळी, प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि ती वळून ठरलेल्या आकारात बसते तेव्हाच काम करते. ही घडी कशी बसते हे सांगताना मी दरवेळी एकाच प्रयोगाकडे येतो. त्याहून देखणा प्रयोग जीवरसायनशास्त्रात मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत बेथेस्डा इथे ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएज घेतलं. आरएनए कापणारं हे एन्झाइम म्हणजे 124 अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात सिस्टीन नावाची गंधक असलेली आठ अमिनो आम्लं असतात आणि त्यांच्यातले गंधकाचे अणू दोन-दोन जोडले जाऊन चार पूल तयार होतात. पार्लरमध्ये केसांचं रिबॉन्डिंग करतात ना, तिथे केसांतले हेच गंधकाचे पूल आधी तोडतात आणि केस सरळ करून पुन्हा जोडतात. अॅनफिन्सननी घडी उलगडणारा युरिया भरपूर घातला, पूल तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घातलं. साखळी पार सुटली, आरएनए कापणं बंद.

मग दोन्ही रसायनं काढून टाकली आणि हवेतला ऑक्सिजन लागू दिला. एन्झाइम जवळजवळ पूर्ण ताकदीनं कामाला लागलं! आठ सिस्टीनच्या जोड्या किती तऱ्हांनी लागू शकतात? पहिल्याला सात पर्याय, मग उरलेल्यांत पाच, मग तीन, मग एक. गुणाकार 105. त्यातली नेमकी एकच तऱ्हा साखळीनं कोणी न सांगता गाठली.

खरी गंमत पुढे आहे. युरिया तसाच ठेवून आधी पूल जोडू दिले, तर जोड्या भलत्याच लागल्या आणि एन्झाइमची ताकद आली जेमतेम एक टक्का. म्हणजे पूल आकार ठरवत नाहीत. आकार आधी ठरतो, पूल त्याला नंतर पक्का करतात. या फसलेल्या नमुन्यात युरिया काढून चिमूटभर मर्कॅप्टोइथेनॉल टाकलं, तेव्हा चुकीचे पूल सुटत गेले आणि काही तासांत सगळं रांगेला लागलं. या कामासाठी त्यांना 1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मग आकार ठरवतं कोण? पुष्कळजण हायड्रोजन बंधांचं, म्हणजे हायड्रोजनच्या मध्यस्थीनं अणूंमध्ये होणाऱ्या हलक्या ओढीचं, नाव घेतात. पण सुटलेली साखळी पाण्याशीही तसेच बंध करते, त्यामुळे घडी बसल्यावर निव्वळ फायदा फारसा उरत नाही. मोठा वाटा पाण्याचा. साखळीतल्या तेलकट अमिनो आम्लांभोवती पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभं राहावं लागतं. ती आम्लं आत दडली की पाणी मोकळं होतं. म्हणजे प्रथिन आवळलं जातं ते बरंचसं पाण्याच्या सोयीसाठी. साखळी कुठे वळू शकते आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा मात्र आपल्या मद्रासमध्ये, जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये दिला. आजही नव्या प्रथिनाची रचना तपासताना तो समोर ठेवतात.

एवढं करून ही रचना टिकते ती काठावरच. घडी बसलेली आणि सुटलेली अवस्था यांत फरक साधारण 5 ते 15 किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे मोजक्या हायड्रोजन बंधांएवढा. मला हा दोष वाटत नाही. एन्झाइमला काम करताना हलावं लागतं, आणि काम संपलं की पेशीला ते मोडूनही टाकता यायला हवं.

पण काठावर असण्याची किंमत आहेच. अंडं उकडलं की पांढऱ्यातली प्रथिनं सुटतात, आत दडलेला तेलकट भाग उघडा पडतो आणि शेजारच्या साखळीला चिकटतो. मग गार केलं तरी ते परतत नाही. अॅनफिन्सनचं द्रावण विरळ होतं, शेजारी लांब होते. पेशीत तर तुडुंब गर्दी! म्हणून तिथे सोबतीला खास प्रथिनं असतात. जीवाणूंमधलं ग्रोईएल हे त्यांपैकी एक. ते सुटलेली साखळी आपल्या पोकळीत घेतं, वरून झाकण लावतं आणि काही सेकंद तिला एकटीला सोडतं. कसं वळायचं हे ते सांगत नाही, फक्त शेजाऱ्यांना दूर ठेवतं. नाहीच जमलं, तर तीच साखळी पुन्हा आत घेतली जाते.