सरळ विचारायचं

(दृश्य : रुग्णालयाचा अपघात विभाग, रात्र)

हाड मोडलेलं मूल आलं की इथे सगळ्यांचे हात आपोआप चालायला लागतात. पण १४ वर्षांची मुलगी दारात उभी आहे, अंगावर ओरखडासुद्धा नाही, आणि आई कशीबशी सांगते, "ही म्हणते, मला जगायचंच नाही." हीसुद्धा तातडीची केस आहे.

तिला दिलेली खोली मुद्दाम रिकामी केलेली. सलाइनचा स्टँड बाहेर, मॉनिटरच्या वायरी बाहेर, पडद्याची दोरीही काढलेली. एक कर्मचारी सतत तिच्याजवळ. मुलांना हा पहारा वाटतो, आणि वाटणारच. म्हणून तो कशासाठी बसलाय, ते आधी सांगून टाकायचं.

मनाआधी शरीर तपासतात. अचानक बरळायला लागलेल्या मुलाला मानसिक आजारच असेल असं नाही. साखर घसरलेली असू शकते, मेंदूला सूज असू शकते, पोटात भलतंच काही गेलेलं असू शकतं. पॅरासिटामॉल जास्त घेतलेलं मूल पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकतं. यकृताची हानी मागाहून कळते. त्यावर उतारा आहे, पण पहिल्या ८ तासांत दिला तर तो सगळ्यात चांगला लागू पडतो. 'आता बरी दिसतेय, सकाळी बघू' हे म्हणूनच चालत नाही.

मग आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवतात. त्यांना ते रुचत नाही, पण घरच्यांसमोर मूल मोकळं होईलच असं नाही. "आपलं बोलणं आपल्यातच राहील, जिवाला धोका असेल तेवढं मात्र मला घरच्यांना सांगावं लागेल," असं डॉक्टर आधीच स्पष्ट करतात.

आणि सरळ विचारतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची 'एएसक्यू' ही प्रश्नावली यासाठीच आहे. गेल्या काही आठवड्यांत, मेलो असतो तर बरं, असं वाटलं का? आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव द्यायचे विचार आले का? कधी तसा प्रयत्न केला होता का? एकालाही 'हो' आलं की पाचवा प्रश्न : आत्ता तसे विचार आहेत का? अर्ध्या मिनिटाचं काम. विचारल्यामुळे नसता विचार डोक्यात शिरतो, या भीतीला संशोधनात आधार मिळालेला नाही. तरी मोठी माणसं अजून कचरतात.

काही मुलं बोलत नाहीत, खुर्ची फेकतात. तेव्हा एकानेच बोलायचं, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत. हातपाय बांधणं अगदी शेवटचा उपाय, आणि तोही शक्य तितक्या लवकर सोडायचा.

भरती लागते, पण खाट नसते, असंही होतं. मग मूल त्याच रिकाम्या खोलीत ताटकळत राहतं. ही व्यवस्थेची उणीव आहे. शिक्षा मात्र मुलाला होते.

बरीचशी मुलं घरी जातात. जाण्याआधी मुलाच्याच शब्दांत लिहून घेतात : बिनसायला लागलं की मला काय जाणवतं, तेव्हा मी काय करीन, कुणाला फोन करीन. घरच्यांचं काम वेगळं. औषधं, कीटकनाशकं, शस्त्रं कुलपात. नुसती माळ्यावर ठेवून भागत नाही. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे जोखमीचे, म्हणून पुढच्या भेटीची तारीख इथेच ठरते. आणि मध्येच पुन्हा तसं बोलणं कानावर आलं, तर तारखेची वाट बघायची नाही. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी तडक इथे यायचं.