दोन जिवांची आणि पाण्यातली कावीळ

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे काविळीबद्दल, आणि तेही गरोदर बाईला होणाऱ्या काविळीबद्दल. सांगली-मिरज भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझी उमर गेली. अंगात रक्त कमी असणं, ब्लडप्रेशर वाढणं, झटके येणं, यांबद्दल आता वाडीवस्तीवरच्या आयाबायाही नीट विचारतात. आशाताईंनी ते काम मनापासून केलं आहे. कावीळ मात्र अजून मागे राहिली आहे. डोळे पिवळे दिसले तर आधी पाला, मग अंगारा, आणि दवाखाना सगळ्यांत शेवटी. गरोदर बाईच्या बाबतीत हा क्रम जिवावर बेतू शकतो.

असं का, हे ज्यांच्यामुळे जगाला आकड्यांनिशी कळलं, त्या डॉक्टरांविषयी आधी सांगते.

1978 सालचा नोव्हेंबर. काश्मीरमध्ये काविळीची साथ उसळली. पुढच्या काही महिन्यांत ती सुमारे 200 गावांत पसरली. अंदाजे 52,000 लोकांना कावीळ झाली आणि 1,700 च्या आसपास दगावले. श्रीनगरला तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण डॉक्टर काम करत होते. कावीळ तिथल्या लोकांना नवी नव्हती. पण या साथीत पोटुशा बायका फार मरताहेत, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी गावागावांत घरोघर पाहणी केली. घरात माणसं किती, कावीळ कुणाला झाली, बाई गरोदर आहे का, कितवा महिना, प्यायचं पाणी कुठलं, हे सगळं लिहून घेतलं.

गरोदर बायकांबद्दलचे त्यांचे आकडे 1981 साली प्रसिद्ध झाले. मी ते सावकाश सांगते. पाहणीतल्या 208 गरोदर बायकांपैकी 36 जणींना कावीळ झाली होती, म्हणजे शंभरात सतरा. त्याच गावांतल्या, मूल होण्याच्या वयातल्या पण गरोदर नसलेल्या बायकांत हे प्रमाण शंभरात दोन. पुरुषांत तीनसुद्धा नाही. एकच गाव, एकच पाणी, आणि एवढा फरक! आणि कावीळ झालेल्या त्या 36 जणींपैकी 8 जणींचं यकृत एकाएकी निकामी झालं. गरोदर नसलेल्या बायकांत तसं एकीचंही झालं नाही. पहिल्या तीन महिन्यांत कावीळ होण्याचा धोका त्या मानाने कमी होता, चौथ्यापासून पुढे तो दुपटीहून जास्त झाला.

खुरूंनी आणखी एक गोष्ट दाखवली. काविळीचे तेव्हा माहीत असलेले विषाणू म्हणजे हिपॅटायटिस ए आणि बी. आजाऱ्यांच्या रक्तात ए सापडेना आणि बी देखील नाही. म्हणजे पाण्यातून पसरणारा कुणी तिसराच विषाणू होता. मॉस्कोचे डॉ. मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन पाहिला; हा प्रयोग 1983 साली प्रसिद्ध झाला. त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत तो विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. इतक्या टोकाला गेलेल्या माणसापुढे मी हात जोडते. 1990 च्या सुमारास त्या विषाणूची जनुकं वाचली गेली आणि त्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं.

पण हा विषाणू आपल्या देशात फार आधीपासून होता. 1955 साली दिल्लीत यमुनेला पूर आला, नदीचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं घाण पाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत आलं. पाणीपुरवठ्याच्या लोकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड आणि हगवण आटोक्यात राहिली. कावीळ मात्र राहिली नाही. डिसेंबर आणि जानेवारीत 29,000 हून अधिक लोकांना ती झाली. तेव्हा सगळ्यांनी ती हिपॅटायटिस ए धरली. त्या साथीतलं जपून ठेवलेलं रक्त पुढे तपासलं, तेव्हा ती ए नव्हती हे कळलं. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अशा जुन्या साथींचे नमुने पुन्हा तपासले. पाण्यातून आलेल्या काविळीच्या बहुतेक मोठ्या साथी हिपॅटायटिस ईच्याच निघाल्या.

दिल्ली-काश्मीर लांब वाटेल, म्हणून जवळचं सांगते. 1981 साली कोल्हापूर शहरात पाण्यातून कावीळ पसरली होती. तिचा अभ्यास याच पुण्याच्या संस्थेने केला. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत साथ आली, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आणि सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, हे सांगलीकरांना मी काय सांगावं? पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी आपण सगळे तासातासाला विचारत असतो. 45 फूट म्हणजे धोका, हे पोरांनाही पाठ आहे. 2019 साली ती 57 फुटांच्या वर गेली. पूर असेपर्यंत सगळे सावध असतात. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, की आपण सुटलो असं वाटतं. पण हा विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, साधारण पाच-सहा. म्हणजे ऑगस्टच्या पुराची कावीळ गणपती उरकून नवरात्रात दिसू शकते. तोवर पाणी उकळायचं केव्हाच बंद झालेलं असतं.

आता आमच्या अनुभवातली एक गोष्ट. वारणाकाठच्या गावची एक मुलगी, पहिलटकरीण, आठवा महिना. आई म्हणाली, "डाक्टर, आठ दिस झालं लघवी पिवळी होतीया, उतरवून आणली दोन येळा." काविळ उतरवणाऱ्याने काय केलं होतं? तळहाताला कसलीशी साल चोळली आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक झालं. आईला वाटलं, कावीळ निघाली. श्रोतेहो, त्या सालीतल्या द्रव्याचा चुन्याशी संयोग झाला की पाणी पिवळं होतं. माझे, तुमचे, कुणाचेही हात असोत, ते होणारच. मुलगी बोलत होती, पण उत्तरं जुळत नव्हती. दिवसा झोपायची आणि रात्रभर जागी राहायची, असं आईनेच सांगितलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. त्या रात्री आमच्याकडून जेवढं झालं तेवढं आम्ही केलं. मुलगी वाचली, बाळ गेलं. आठ दिवस आधी आली असती तर, हा प्रश्न त्या आईने मला विचारला नाही. मला मात्र तो आजही पडतो.

हिरड्यांतून रक्त का येतं? रक्त गोठवणारी द्रव्यं यकृतात तयार होतात. यकृत थकलं की ती कमी पडतात आणि बाळंतपणात रक्त थांबता थांबत नाही. यकृताला जे विष निवारायचं असतं ते मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून झोप उलटी होते, बडबड सुरू होते, माणूस गुंगीत जातो. गरोदर बाईत हे इतक्या झपाट्याने का होतं, याचा शोध अजून चालू आहे. गरोदरपणात प्रतिकारशक्ती आणि हार्मोन्स बदलतात, त्यांच्याशी याचा संबंध असावा असं संशोधकांना वाटतं. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरात वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून पोटुशा बाईचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, सतत मळमळ-उलट्या सुरू झाल्या, अन्नावरची वासनाच उडाली, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही. गरोदरपणातल्या काविळीची इतरही कारणं असतात, त्यातली काही अशीच घातक असतात, आणि ती घरी बसून ओळखता येत नाहीत. रक्त गोठण्याची तपासणी, प्लाझ्मा आणि अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच बाळंतपण व्हायला हवं. गाडी नसेल तर 108 लावा, गरोदर मातेसाठी 102 आहेच. मनाने गोळ्या देऊ नका, तापाची पॅरासिटॅमॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि तेल-तूप, हळद, डाळ सगळं बंद करून तिला नुसत्या उसाच्या रसावर ठेवू नका. आत्याबाईंना माझी कळकळीची विनंती आहे, सुनेला पोटभर खाऊ द्या. रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस तर नकोच नको.

लस आहे का, असं तुम्ही विचाराल. चीनमध्ये 2011 साली एका लसीला मान्यता मिळाली. दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या छावणीत 2022 साली साथ आटोक्यात आणायला ती वापरली, गरोदर बायकांनाही दिली. आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात ती नाही. हिपॅटायटिस बीची लस आपण देतो ती वेगळी, तिने ई अडत नाही. तेव्हा आपल्या हातात आहे ते पाणी.

गावात पाणी कुठे बिघडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नळाला जोर यावा म्हणून दारात खड्डा खणून तोटी खाली घेतात. त्या खड्ड्यात सांडपाणी साचतं, कडेने गटार वाहतं. पाणी सोडणाऱ्याने व्हॉल्व्ह बंद केला की पाइप रिकामी होते आणि खड्ड्यातली घाण आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेला तेच पाणी घागरीत. दिसायला ते स्वच्छ असतं, वास नसतो. तेव्हा खड्डे बुजवा आणि नळाला तोटी लावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज पडते का, शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायची चाचणी, कधी घेतली. टाकीजवळ क्लोरीन असतं, शेवटच्या घरापर्यंत पुष्कळदा पोचत नाही. गावाला लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा शेरा, मिळालं असेल तर ग्रामसभेत बायकांनी उठून त्याचं कारण मागावं.

घरात गरोदर बाई असेल तर साथीच्या आणि पुराच्या दिवसांत तिचं पाणी उकळूनच. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर राहू द्या, त्याच भांड्यात झाकून निववा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या. हात बुडवू नका. जळण नसेल तर आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात घालायचं क्लोरीनचं औषध, घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढं घालून अर्धा तास थांबा. डोहाळजेवणाला आलेल्या गर्दीत सरबताचं पाणी कुठलं, याकडेही कुणीतरी लक्ष ठेवा.

आणि एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, म्हणजे नेमकी धोक्याच्या काळात पाणी बदलते. पाठवण्याआधी फोन करून विचारा, गावात कुणाला कावीळ आहे का. असेल तर बाळंतपण सासरी करा, किंवा तालुक्याच्या ठिकाणी. आणि गेल्यावर महिन्याभरात डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांना माहेर आणि सासर दोन्ही गावांची नावं सांगा, कारण विषाणू सासरच्या पाण्यातूनही आलेला असू शकतो. त्या गावात आणखी कुणी पोटुशी असेल, तर तिच्यापर्यंत आशाताई वेळेत पोचतील.

बाळ जन्मल्यावर त्याचीही तपासणी करून घ्या. खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवलं की हा विषाणू आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो. त्यांनी तपासलेल्या 8 बाळांपैकी 6 जणांत त्याच्या खुणा सापडल्या होत्या. तेव्हा आईला कावीळ होती हे बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, तिचे कागद सोबत न्या, आणि अंगावर पाजायचं की थोडं थांबायचं, हे त्यांनाच विचारा. नमस्कार.