मुलीला विचारलं का?

मंडळी, माझ्या आत्याला 1968 साली पाहायला आले होते. पोह्यांच्या बशा तिनेच फिरवल्या. चालून दाखव म्हणाले, चालली. नजर बघायची म्हणून सुईत दोरा ओवायला लावला. दोन दिवसांनी ‘मुलगी पसंत’ असा निरोप आला आणि आजीने देवापुढे साखर ठेवली. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, “आत्या, तुला ते पसंत होते का?” बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “अरे, मला कुणी विचारणारच नव्हतं. मग मी कशाला ठरवू?”

लग्न कुणाशी आणि कसं करायचं, एवढंच समाज शिकवतो असं आपण समजतो. पण त्याआधी तो आणखी एक गोष्ट ठरवून टाकतो: विचारायचं कुणाला. ज्याला कधी विचारलंच जात नाही, त्याच्या मनात उत्तरसुद्धा तयार होत नाही.

म्हणून मला रखमाबाई फार मोठ्या वाटतात. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या. 1884 मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात तो टिकला नाही. मार्च 1887 मध्ये कोर्टाने बजावलं की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद पत्करेन. माझ्या संमतीवाचून झालेलं लग्न मला बांधत नाही, हे म्हणणं त्यांनी सोडलं नाही. टिळकांनी ‘केसरी’तून त्यांच्या विरोधात लिहिलं. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत त्यांनी बायकांवर उपचार केले.

कुणी न विचारताच त्यांनी उत्तर दिलं. एवढी हिंमत प्रत्येकीकडून कशी मागायची? जोतीरावांनी विचारणं लग्नाच्या विधीतच घालून दिलं, ते म्हणूनच मोलाचं. 25 डिसेंबर 1873 ला पहिला सत्यशोधक विवाह झाला, भटजींशिवाय. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. बायकांना स्वातंत्र्य ठाऊकच नाही, असं नवरी सगळ्यांसमोर म्हणते आणि वराकडून हक्कांचं वचन घेते. एरवी आपल्या मांडवात मंगलाष्टकं भटजी आणि मावश्या-काकवा म्हणतात. नवरी खाली मान घालून उभी असते, आणि तिच्या त्या गप्प राहण्यालाच आपण तिचा होकार समजतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने सत्यशोधक पद्धतीने लग्न केलं. तिच्या वडिलांचा, माझ्या मेव्हण्यांचा, महिनाभर अबोला होता. लग्नाच्या दिवशी मात्र ते पुढच्या रांगेत येऊन बसले. भाचीने कागद उघडला. पहिल्या ओळीलाच तिचा आवाज फाटला. दुसऱ्यांदाही तेच झालं. मेव्हणे उठले, तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, “सावकाश वाच, आम्ही ऐकतोय.”