स्टेशनापासून दहा मिनिटांवरचं घर

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण राजेंद्र नगर आणि लोकमान्य नगरातून आले आहेत. इंदूर-महू मार्गावर या दोन्ही वस्त्यांच्या नावाची रेल्वे स्थानकं आहेत. गाड्या मोजक्याच, पण स्टेशन घराजवळ असणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे.

31 मे 2025 रोजी, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला, इंदूरची मेट्रो सुरू झाली. शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉरवर सुमारे 6 किलोमीटर, 5 स्थानकं. मी मुद्दाम एका संध्याकाळी गेलो आणि फलाटावरून खाली पाहत उभा राहिलो. रुंद रस्ता, मोठमोठे रिकामे प्लॉट, पलीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांची आवारं. जिना उतरून पायी घरी जाणारा माणूस काही दिसेना. मेट्रो आणली हे चुकलं, असं मी म्हणत नाही. मार्गाचा उरलेला भाग शहरात येईल तसे प्रवासी वाढतील. पण घरं मात्र आपोआप येणार नाहीत. तशी परवानगी द्यावी लागेल.

जपानात 1910 साली कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीनं ओसाकाहून शेतांमधून जाणारी रेल्वे सुरू केली. प्रवासी कुठून येणार? त्यांनी इकेदा स्थानकाजवळ घरं बांधली आणि हप्त्यांवर विकली. रूळ आणि घर एकाच हिशेबात मांडले. केंद्राचं 2017 चं धोरणही हेच सांगतं: स्थानकापासून 500 ते 800 मीटरच्या टप्प्यात दाट वस्ती होऊ द्या. म्हणजे दहा मिनिटांची चाल, पिशवी हातात घेऊनसुद्धा.

आपल्याकडे अशी दाट वस्ती होत का नाही? एक अडचण एफएआरची, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्या मर्यादेची; पुण्या-मुंबईचे नातेवाईक तिलाच एफएसआय म्हणतात. दुसरीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, ती म्हणजे पार्किंगची सक्ती, इमारतीत मोटारींसाठी जागा ठेवायलाच हवी हा नियम. तळघरात एक मोटार उभी करायची तर वळायच्या वाटेसकट 30 चौरस मीटरच्या आसपास जागा जाते. प्रधानमंत्री आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराचं चटईक्षेत्रही 30 चौरस मीटरपर्यंतच धरलं आहे. ज्याच्याकडे मोटार नाही, त्यानंही घराच्या किमतीतून तिच्या जागेचे पैसे भरायचे, आणि तेही स्टेशनाच्या दारात! ही सक्ती तिथं तरी उठवली पाहिजे.

एबी रोडवरच्या एलआयजी चौराह्याचं नाव आपण रोज घेतो. ते नाव अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीवरून आलं. कधीकाळी हाउसिंग बोर्डानं तिथं लहान घरं बांधली होती. आज कारकुनानं, परिचारिकेनं, दुकानात काम करणाऱ्या मुलानं त्याच परिसरात घर शोधून पाहावं. 2013 पासून बारा वर्षं तिथून स्वतंत्र मार्गिकेतली शहर बस, आयबस, धावली, पण तिच्या दोन्ही बाजूंना लहान घरं वाढावीत असा विचार आपण केला नाही. मेट्रोच्या बाबतीत तेच झालं, तर जमिनीचे भाव वाढतील आणि रोज मेट्रोनं जाणारा माणूस शहराबाहेर फेकला जाईल. म्हणून वाढीव एफएआर देतानाच त्यातला ठरावीक हिस्सा लहान आणि भाड्याच्या घरांसाठी राखला पाहिजे. हे नंतर करता येत नाही.

मला माहीत आहे, शेजारी मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, उठली की पहिला प्रश्न पाण्याचा येतो, आणि तो रास्त आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, घाट चढवून आणावं लागतं. पण तीच माणसं बायपासच्या पलीकडच्या नव्या कॉलनीत राहायला गेली, तर तेच पाणी आणखी लांब न्यावं लागेल, ड्रेनेजची नळीही तितकीच लांबेल. जुन्या मोहल्ल्यात चार मजले चढवायचे तर आधी नळ्या बदला, ही मागणी जरूर करा. माझीही तीच मागणी आहे. फक्त तिच्या आडून घरंच अडवू नका. तुमच्या मुलांना उद्या याच शहरात, तुमच्या जवळपास, राहायचं असेल.