परड्यातली सुरंगी

(सुरुवातीला निवेदन नाही. झाड, पानं, मधमाश्यांचा आवाज. मग निवेदन सुरू.)

वेंगुर्ले तालुका. शिमगा तोंडावर आलाय. घरामागच्या परड्यात सुरंगी फुललीय, आणि घरच्यांआधी मधमाश्यांना ते कळलंय.

लांबून पाहिलं तर या झाडावर फूल दिसतच नाही. दिसतो तो जाड, गडद हिरव्या पानांचा डेरा. सुरंगी फुलते ती जुन्या फांदीच्या अंगावर, जिथली पानं कधीच गळून गेलीत त्या पेरांवर. त्यामुळे कॅमेरा पानांच्या आत न्यावा लागला.

आता बघा. फांदीला लगडलेली, वाटाण्याएवढी गोल कळी. वरचं टरफल दोन फाकांत फुटतं. आतून चार पांढऱ्या पाकळ्या, आणि मधोमध पिवळ्या केसरांचा गच्च झुबका. वास पडद्यावरून पोचत नाही, त्याला इलाज नाही. पण अंगणाच्या पायरीवर उभं राहिलं तरी तो येतो, एवढं सांगून ठेवतो.

सुरंगी सह्याद्रीची लेक. कोकणापासून केरळपर्यंतच्या या पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर ती रानात कुठेही उगवत नाही. समुद्रकाठची उंडी आणि देवळांच्या आवारातला नागकेशर ही तिच्याच कुळातली झाडं. शहरात बंगल्याच्या बागेला लाखभर रुपये घालून परदेशी लॉन अंथरणाऱ्यांनी हे एकदा ऐकून घ्यावं.

(दृश्य: कुंपण, पांगारा, मैना.)

परड्यात ती एकटी नाही. कुंपणाला पांगारा आहे. अंगावर पान नाही, नुसती लालभडक फुलं, आणि मध प्यायला मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची रांग. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला अबोली. तिला वास नाही, पण माळलेली अबोली दोन दिवस मान टाकत नाही. पलीकडे ओवळी, म्हणजे बकुळ. तिच्यावर चढावं लागत नाही. ती आपली फुलं पहाटे स्वतःच जमिनीवर टाकते, आणि वाळली तरी त्यांचा वास जात नाही.

मोगऱ्याचं मात्र तसं नाही. तो काम करून घेतो. थंडीत त्याचं पाणी तोडलं, फांद्या छाटल्या, उरलीसुरली पानंही हाताने ओरबाडून काढली. झाड मेलंय असंच वाटावं. मग बुंध्याशी शेणखत घातलं आणि पाणी सोडलं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर धरते, म्हणून ही एवढी छळवणूक. आता प्रत्येक शेंड्याला तीन-तीन कळ्या आहेत. त्या संध्याकाळी उमलतील.

सुरंगीला संध्याकाळपर्यंत थांबून चालत नाही.

(दृश्य: शिडी लावली जाते. दोरी. कमरेला टोपली.)

सकाळी उजाडल्या उजाडल्या झाडावर चढायचं. गजऱ्याला लागते ती अर्धवट उघडलेली कळी. ऊन चढलं की कळी पुरती उमलते, पाकळ्या सुटू लागतात, मग ती दोऱ्यात राहत नाही. म्हणजे हातात वेळ तो काय, सकाळच्या चार-पाच तासांचा.

शिडी पहिल्या फांदीपर्यंतच पुरते. पुढे पाय आणि अंदाज. हे गृहस्थ लहानपणापासून चढतायत. पायात काही नाही. आधी फांदीवर टाच दाबून बघतात, मग वजन टाकतात. एक हात फांदीला, दुसरा कळ्यांवर. दोन बोटांत देठ धरायचा आणि बाजूला मुरडायचा. खाली ओढलं तर शेजारची कोवळी कळीही तुटते, आणि ती तर उद्याची आहे. टोपली भरली की दोरीने खाली. खाली या घरच्या काकी ती रिकामी करतात आणि परत वर पाठवतात. या सगळ्यात मधमाश्या आहेतच. त्यांना हाकलायचं नाही, हात सावकाश न्यायचा. त्या त्यांचं काम करतात, हे यांचं.

(मूळ आवाज, खालून: ‘रे, त्या फांदयेर पाय ठेव नको, ती पोकळ आसा!’ वरून: ‘माका ठावक आसा, काकी.’)

चढणारे पडतात, हात-पाय मोडतात, आणि नवी पोरं या कामाला फारशी येत नाहीत.

(दृश्य: ओटीवर सुपात कळ्या. हात.)

आता ओटीवर. कळ्या सुपात पसरल्यात. मोडकी, जास्त उमललेली कळी बाजूला, चांगली दोऱ्यात. इथे गजऱ्याला वळेसार म्हणतात. काकींचा हात बघण्यासारखा आहे. बोलणं चालू, नातीवर लक्ष चालू, आणि बोटं कळीमागून कळी लावत जातात. दोऱ्याकडे नजरही जात नाही. नातीने केलेला वळेसार शेजारी ठेवलाय, त्यातल्या फटी तुम्हाला दिसतीलच.

पहिला वळेसार देवाला. मग घरात. बाकीचे बाजारात आणि तिथून पुढे गोव्यात. गोव्यातल्या बायकांना सुरंगीचं वेड आपल्याइतकंच, थोडं जास्तच.

जी कळी गजऱ्यात जात नाही ती खळ्यात वाळते. वाळवलेल्या कळीचा व्यापार वेगळा. तिच्यापासून सुगंधी द्रव्यं होतात, रेशमाला रंग चढवायलाही ती वापरत आलेत. औषधाच्या दुकानात ती तांबडा नागकेशर म्हणून मिळते. खरा नागकेशर निराळा, पण दुकानदाराशी वाद कोण घालणार!

(दृश्य: शेजारची काजूची बाग.)

परड्याच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, काजू आहे. वेंगुर्ल्यात १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींनी इथल्या बऱ्याच घरांना पैसा दाखवला, हे नाकारून चालणार नाही. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी देऊ लागतं. बियांपासून वाढवलेली सुरंगी फुलायला कितीतरी वर्षं लावते. शिवाय तिच्यात नराचं झाड वेगळं असतं, आणि लावलेलं रोप कोणतं निघालं हे ती फुलेपर्यंत कळत नाही. हिशेब करणारा माणूस काय लावणार ते उघड आहे. तरीही परड्यात एक, गडग्याला टेकून का होईना, एका झाडाची जागा निघते. हे झाड काकींच्या आजेसासऱ्यांनी लावलेलं. कळ्यांचे पैसे घरवाले आणि चढणारे निम्मे-निम्मे वाटून घेतात.

(दृश्य: सूप रिकामं. काकी कॅमेऱ्याकडे बघतात.)

चढणाऱ्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. पुढच्या वर्षी झाडावर कोण चढणार, असं आम्ही काकींना विचारलं.

(मूळ आवाज: ‘आधी ह्या वर्साचा होवंदे. वरती अजून कळे रवलेत, ते कोण काढतलो? तुमी चढतास?’)