बॅज पालथा करून बघा

नमस्कार मंडळी. समोर आपल्या बेळगावच्या उद्यमबागची बरीच ओळखीची तोंडं दिसतायत, फौंड्रीवाले, पॅटर्नवाले, प्लेटिंगवाले, त्यामुळे मला जरा धीर आलाय आणि थोडी भीतीपण वाटतेय, कारण आज मी जे सांगणार त्यातलं अर्धं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि चुकलो तर तुम्ही चहाच्या वेळी गाठणार हे नक्की. विषय जुन्या मोटारींचे बॅज. बॉनेटवरचे, ग्रिलवरचे, डिकीवरचे, आणि रेडिएटरच्या टोपणावर उभे असायचे ते मॅस्कॉट. पुस्तकात फोटो असतात ते सगळे समोरून काढलेले. मी आज तुम्हाला ते पालथे करून दाखवणार आहे. समोरच्या बाजूला कंपनी आपली कहाणी सांगते, पाठीमागे धातू दिसतो, आणि इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की कहाणी ऐकावी सगळ्यांची पण विश्वास पाठीवर ठेवावा.

आधी हे आलं कुठून ते बघू. मोटारीच्या आधी सायकल. सायकलच्या हँडलखाली जो नळा असतो त्यावर पितळेचा छोटा बिल्ला ठोकलेला असायचा, अजूनही असतो. आणि ओपेल, रोव्हर, हंबर, प्यूजो या सगळ्या कंपन्या मोटारीआधी सायकली करायच्या, स्कोडाची मूळ कंपनीसुद्धा सायकलचीच. म्हणजे बिल्ल्याची सवय आधीच होती, मोटार आली तसा तो सायकलवरून उचलून रेडिएटरवर लावला. आपल्या गावाला हे नवीन नाही, १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथं बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं, नांगर वगैरे सगळं नंतरचं, किर्लोस्करवाडी तर त्याहून नंतर, १९१० ची.

आता मॅस्कॉट. त्या काळी रेडिएटर बॉनेटच्या पुढं उघडा असायचा आणि त्याचं टोपण बाहेर. पाणी उकळलं की नाही हे ड्रायव्हरला कळणार कसं? तर १९१२ च्या सुमारास अमेरिकेत बॉइस नावाच्या माणसाने मोटोमीटर काढला, टोपणावरच उभा केलेला थर्मामीटर, गोल काच, आत लाल रेघ, आणि ड्रायव्हर सीटवर बसून काचेतून ती रेघ बघायचा. गंमत अशी की त्याचा बल्ब पाण्यात बुडालेला नसायचा, पाण्याच्या वरच्या वाफेत असायचा, त्यामुळे पाणी संपत आलं तरी तो इशारा द्यायचा. आंबोलीचा घाट डोळ्यापुढं आणा म्हणजे त्याची किंमत कळेल. तर टोपण एवढं डोळ्यासमोर आहे म्हटल्यावर लोकांनी त्यावर पक्षी, बाई, घोडा काय वाट्टेल ते उभं करायला सुरुवात केली. लालिकसारखा कलाकार तर काचेचे मॅस्कॉट करायला लागला, त्याचा पहिला १९२५ चा, सिट्रोएनसाठी, पाच घोडे एका रांगेत. पुढं तिशीच्या दशकात टोपण बॉनेटच्या आत गेलं आणि मॅस्कॉटला कामच उरलं नाही, नुसता शोभेला राहिला.

कहाण्यांचं म्हणाल तर शेवरोलेचं बघा. तो बो-टाय १९१३ पासून गाडीवर आहे. कंपनी काढणारा ड्युरंट सांगायचा की १९०८ मध्ये पॅरिसच्या हॉटेलात भिंतीच्या कागदावर ही नक्षी बघितली आणि तुकडा फाडून खिशात घातला. त्याची बायको सांगायची की छे, व्हर्जिनियाला सुट्टीला गेलो होतो तिथं पेपरातल्या जाहिरातीत बघितलं. मुलगी म्हणायची बाबा जेवणाच्या टेबलावर बसून चितारायचे. एका घरातली तीन माणसं, तीन गोष्टी! बीएमडब्ल्यूचंपण तसंच, निळा-पांढरा गोल म्हणजे फिरता पंखा असं अजून सगळे सांगतात, ते खरं तर बव्हेरियाचे रंग, फक्त क्रम उलटा, कारण राज्याचं चिन्ह ट्रेडमार्कमध्ये वापरायला कायद्याने बंदी होती. बिल्ला १९१७ चा आणि पंख्याची गोष्ट १९२९ च्या जाहिरातीतून आली. म्हणजे जाहिरातवाल्याने चित्र काढलं आणि शंभर वर्षं लोक तेच सांगतायत.

मॉरिसचं मात्र सरळ आहे. बैल नदी ओलांडतोय. ऑक्सफर्ड शहराचं चिन्ह तेच, आणि विल्यम मॉरिसचा कारखाना ऑक्सफर्डजवळ काउलीला, विषय संपला. हाच बैल फिरत फिरत आपल्याकडं आला कारण हिंदुस्तान मोटर्स, १९४२ ची कंपनी, आधी गुजरातमध्ये ओखा बंदराला आणि मग बंगालात उत्तरपाड्याला, मॉरिसच्याच गाड्या करायची. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सीरिजची झाली ॲम्बॅसेडर. ॲम्बॅसेडरचे डिकीवरचे बॅज गोळा करायला सोपे आणि शिकायला चांगले, मार्क टू १९६२, मार्क थ्री १९७५, मार्क फोर १९७९, नोव्हा १९९०. गाडी जवळपास तीच, अक्षरं बदलतात. नव्या पोराने सुरुवात करायची तर इथूनच करावी असं मी सांगतो, रोल्स रॉइसच्या रेडिएटरवरच्या परीच्या मागं लागू नये.

परीचं आता काढलंच आहे तर सांगून टाकतो. १९११ साली चार्ल्स साइक्सने घडवली. मॉडेल म्हणून एलेनॉर थॉर्नटनचं नाव घेतात, ती लॉर्ड माँटेग्यूची सेक्रेटरी. डिसेंबर १९१५ मध्ये दोघं पर्शिया नावाच्या बोटीने भारताकडं यायला निघाले, क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बोट बुडवली, माँटेग्यू वाचला, ती गेली. रोल्स रॉइसची अजून एक भाकडकथा, आरआर अक्षरं लालची काळी झाली ती रॉइस वारला म्हणून. तो १९३३ ला वारला हे खरं, पण काळ्या रंगाचं आधीच ठरलं होतं, गाडीच्या कुठल्याही रंगावर काळं खुलतं म्हणून.

बरं, आता पालथं करूया.

जुना बॅज, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ते साधारण पन्नासच्या दशकापर्यंतचा, बहुतेक तांब्याचा नाहीतर पितळेचा पत्रा डायने, म्हणजे पोलादी ठशाने, ठोकलेला. ठोकताना खळगे पडतात आणि मधे बारीक भिंती राहतात, त्या खळग्यात रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत साधारण आठशे डिग्रीला घालायचं. आपल्या सोनारांची मीनाकारी तीच. इंग्लंडात हे काम बर्मिंगहॅमचं, दागिन्यांच्या गल्ल्यातले लोकच मोटारीचे बॅज करायचे, आणि पाठीवर अगदी बारीक अक्षरात आपलं नाव ठोकायचे. ते नाव भिंगाने वाचा. नाव असलं की लगेच अस्सल असं नाही, पण नाव ओतीव दिसलं, कडा गोलसर झालेल्या दिसल्या, तर तिथंच थांबा. ठोकलेल्या अक्षराची कड तीक्ष्ण असते हे तुम्हाला मी काय सांगणार.

काच आहे की आजचा इपॉक्सी, म्हणजे प्लास्टिकसारखा रंग, हे बघायला कडेचा टवका बघा. काचेचा टवका शिंपल्यासारखा उडतो, चकाकतो. इपॉक्सीला सुई टोचली की टोक रुततं. आणि हे दुकानदारासमोर करायचं नसतं, त्याचं तोंड उतरतं आणि मग भाव करायला मजा येत नाही.

पितळी मॅस्कॉटची नक्कल ओळखायची सगळ्यात भारी ट्रिक मात्र आपल्या पॅटर्नवाल्यांकडे, म्हणजे साच्याचा नमुना करणाऱ्यांकडे, आहे. अस्सल पीस घेऊन वाळूत साचा काढला आणि पितळ ओतलं तर काय होतं? थंड होताना आकसतं. पितळ साधारण दीड टक्का. म्हणून तर पॅटर्नवाल्याची पट्टी वेगळी असते की, श्रिंकेज धरून मोठी केलेली. पण नक्कल करणारा पॅटर्न करत बसत नाही, अस्सल पीसच दाबतो वाळूत, त्यामुळे १३० मिलीमीटरचा मॅस्कॉट दोन मिलीमीटर बुटका निघतो. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर खिशात ठेवा. अस्सलचं माप आधीच लिहून आणलेलं असलं की पाच मिनिटात निकाल. नकलेवरून परत नक्कल केली असेल तर अजून बुटका, आणि पिसांच्या रेघा, चेहऱ्याचं नाक, सगळं झिजल्यासारखं. लोक म्हणतात जुनं आहे म्हणून झिजलंय. अहो, झिजलं तर हात लागतो तिथं झिजेल, पंखांच्या खालच्या बाजूला कोण हात लावतंय?

मग येतो झिंकचा जमाना. डाय कास्टिंग, मझॅक म्हणतो आपण, झिंकमध्ये थोडं ॲल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम. स्वस्त, पटापट निघणारं, वर तांबं, निकेल, क्रोम असे थर. विशीच्या दशकाच्या शेवटी क्रोम बाजारात आलं, त्याआधी नुसतं निकेल असायचं, त्यामुळे १९२२ च्या गाडीचा म्हणून कोणी आरशासारखा निळसर चकचकीत बॅज दाखवला तर तो नंतर कधीतरी प्लेट केलाय समजा. निकेलचा रंग जरा पिवळट, ऊबदार. झिंकचे दोन रोग. एक, क्रोमखाली बारीक फोड येतात आणि फुटून खड्डे पडतात, पावसाळी हवेत जास्त, खानापूर-जांबोटीकडच्या घरातले बॅज बघा. दुसरा वाईट, सुरुवातीच्या काळच्या कास्टिंगमध्ये शिसं मिसळलेलं असलं तर आतूनच धातू फुगतो, भेगा पडतात आणि एक दिवस हातात तुकडे येतात. त्याला इलाज नाही.

आणि प्लेटिंगवाले इथं बसलेत म्हणून स्पष्ट सांगतो, रागावू नका. झिंकचा बॅज पितळेचा समजून ॲसिडच्या टाकीत टाकला की संपला. झिंक ॲसिडमध्ये विरघळतं, फसफसतं, आणि अक्षरांच्या कडा जातात. देणाऱ्याने सांगायला पाहिजे की मझॅक आहे, घेणाऱ्याने विचारायला पाहिजे. वजनावरून कळतं, नाहीतर पाठीवर फाइलने बारीक ओरखडा काढा, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर झिंक. माझं तर मत असं की अगदीच गेलेला नसेल तर प्लेटिंग करूच नका. खड्डे असूदेत. नवीन क्रोम केलेला बॅज बघितला की मला ओळख न पटलेल्या माणसाशी बोलल्यासारखं होतं. पण हे माझं झालं, रॅलीत गाडी उतरवणाऱ्याला चकचकीत लागतो, त्याचंही चूक म्हणणार नाही.

गोळा कुठून करायचं, हे सगळे विचारतात. आपला भाग यासाठी भाग्याचा आहे. एका बाजूला पुणे-बंगळूर रस्ता, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, म्हणजे जुने गॅरेज रांगेने. एका बाजूला कॅम्प आणि मिलिटरी. वर कोल्हापूर, तिथं दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक अजून निघते, तिच्या तोंडावर एकात एक गुंतलेले दोन एम आहेत, मेबॅक मोटोरेनबाऊचे, पुढच्या दसऱ्याला गर्दीत मान उंच करून बघा. आणि खाली गोवा. १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीज असल्यामुळं युरोपच्या गाड्या सर्रास आल्या, मर्सिडीजच्या डिझेल टॅक्सी लोकांनी कितीतरी वर्षं चालवल्या, आणि त्यातलं काही ना काही चोर्ला-अनमोड चढून इकडं आलंच. तो तीन टोकांचा तारा १९०९ ला रजिस्टर झाला, जमीन, पाणी, हवा, तिन्हीकडं आपली इंजिनं चालणार म्हणून. बाजूची पानांची माळ मूळची बेंझची, १९२६ ला मर्सिडीज काढणारी डाइमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा तारा माळेत आला. बॉनेटवर उभा असतो त्याच्या बुडात स्प्रिंग असते, हाताने वाकवला तर परत उभा राहतो. पोरं तरीपण उपटून नेतातच.

फियाटचं सांगायचं राहिलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची, कारखाना कुर्ल्याला, सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडायचे. प्लिमथवर जहाज असायचं, मेफ्लॉवर, ते बॅज अजून निघतात अधूनमधून. नंतर फियाट अकराशे, आणि सत्तरच्या दशकात फियाटचं नाव जाऊन प्रीमियर आलं, १९७४ ला पद्मिनी. आता माझ्याकडं येणारे लोक सांगतात काका, घरात फियाटचा बॅज आहे, आणि घेऊन येतात प्रीमियरचा. खरा फियाट अक्षरांचा आपल्या गाडीवरचा बॅज त्यामुळं जरा दुर्मिळ, मिळाला तर सोडू नका.

गॅरेजमध्ये गेलात की पहिल्या भेटीला भाव विचारू नका. भिंतीवर खिळ्याला लटकवलेला असतो, मिस्त्रीने गाडी भंगारात वजनावर दिली आणि हा तेवढा ठेवून घेतला, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. गाडी कोणाची होती, कुठल्या गावची, नंबर काय, हे विचारा आणि घरी येऊन वहीत लिहा. चिठ्ठी बॅजला चिकटवायची नाही, चिकटपट्टीने निकेल जातं, पाकिटात घालून पाकिटावर लिहायचं. तंबाखूच्या व्यापाऱ्याची गाडी होती की डॉक्टरची हे कळलं की त्याच बॅजला दुप्पट अर्थ येतो, भावात येत नाही तो भाग वेगळा.

मघाशी ताईंनी विचारलं, घरी साफ कसं करायचं, चिंच लावली तर चालेल का. देवाची भांडी चिंच-मिठाने घासा, बॅज नको. आंबट लागलं की पातळ राहिलेलं निकेल जातं आणि झिंक असेल तर डाग पडतात. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि मग पूर्ण वाळवायचं, बॅज गाडीला बसवायच्या पाठच्या पिनांच्या बुडाशी पाणी राहतं तिथं कापडाचं टोक घालून. काचेला बारीक भेग असेल तर पाण्यातपण बुडवायचं नाही, ओल्या कापडाने पुसायचं.

पुढच्या टेबलावर दोन ट्रे ठेवलेत, एकात अस्सल, एकात नक्कल, आणि व्हर्नियर पण आहे. कुठला कुठला ते सांगितलेलं नाही, तुम्हीच मापा, उचला, पालथे करा. फक्त स्टँडर्ड हेराल्डचा जो आहे तो उचलू नका, त्याची एक पिन हलतेय, तो नुसता वाकून बघा.