लोणच्याच्या बरणीखालचा करार

नमस्कार श्रोतेहो. लेखकांना हल्ली जो भेटेल तो सांगतो, काळाबरोबर बदला. पूर्वी अकराशेची आवृत्ती निघायची, आता दोनशे प्रतीही छापून मिळतात. लोक मोबाइलवर वाचतात, पोळ्या लाटता लाटता कादंबरी ऐकतात. हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी आपली लोणच्याची गोष्ट सांगतो.

१९९८ साली माझी पहिली कादंबरी आली. प्रकाशकांच्या कचेरीत चहा झाला, खारी झाली, पुढ्यात कागद आला. मी न वाचता सही ठोकली. पहिलंच पुस्तक हो, वाचतंय कोण! मानधनाचे दोन चेक आले, मग तेही बंद.

दोनेक वर्षांपूर्वी एका ऑडिओबुकवाल्यांचा फोन आला, कादंबरी द्याल का? मी हरखलो. लगोलग प्रकाशकांच्या चिरंजिवांचाही फोन. "काका, हक्क आमच्याकडे आहेत. करार बघा ना."

बघा ना! कपाटं उपसली, माळा उपसला. शेवटी बायको म्हणाली, "तो जाड कागद का? तो मी फडताळात अंथरलाय." बरणी उचलली, तर खाली करार! शेंगतेलाचं लोणचं होतं. लोणच्याला शेंगतेलच हवं; पॅकबंद बाटलीत मिळतं त्याला मी लोणचं म्हणत नाही. असो. तेल पिऊन कागद असा झाला होता की मागची-पुढची अक्षरं एकदमच दिसत होती. पण मुदतीची ओळ कोरी. वाटलं, तेलानं खाल्ली. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर तिथं कुणी काही लिहिलंच नव्हतं!

वकील मैत्रीण हसत सुटली. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १९. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पाच वर्षं! म्हणजे हक्क २००३ सालीच घरी आले होते आणि बरणीखाली बसले होते. चिरंजिवांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "काका, यावर काय सांडलंय?"

तेव्हा लेखकमित्रहो, सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. कोणते हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, म्हणजे ते हक्क कुठल्या देशात चालणार. पुन्हा सांगतो: हक्क, मुदत, प्रदेश. छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, हे वेगवेगळे लिहून घ्या. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतात. स्वतः पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. आणि प्रकाशन समारंभातल्या त्या शाली! माझ्याकडे अकरा आहेत. त्याऐवजी माणसं पुस्तक विकत का घेत नाहीत, देव जाणे.

करार आता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. हिंगाचा वास काही गेलेला नाही. बरणीखाली बायकोनं दुसरा कागद घातलाय. तो कसला, ते मी अजून बघितलेलं नाही. नमस्कार.